जाळफुलीचं बी

मेलेल्या माणसाच्या नावानं झाड लावण्यात वाईट काय आहे? काहीच नाही, असंच कुणीही म्हणेल. दरेवाडीनं तर अख्खं बनच लावलं होतं. फक्त ते कुठं लावतोय, हे कुणी विचारलं नाही. माळ दिसला की तो रिकामाच आहे असं धरून चालायचं आणि खड्डे खणायला घ्यायचे, ही आपली जुनी खोड. रिकामा माळ म्हणे! असो. त्यावरच ही सगळी गोष्ट आहे.

मदन्यांची ओवी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना गेली. कॉलेजची पोरं माळाच्या उतरणीवर जाळरेषा काढत होती, म्हणजे वणवा पुढं सरकू नये म्हणून गवताचा एक पट्टा साफ करून ठेवत होती. खालच्या अंगाला कुठूनशी ठिणगी पडली, वारा फिरला आणि आग उतरणीवरून वर धावली. बाकीची पोरं कडेला पळाली. ओवी वर पळाली. चढावर आग माणसापेक्षा जोरात धावते, हे त्या पोरीला कुणी शिकवलंच नव्हतं.

तिची आई सारिका त्यानंतर रडली कमी आणि भांडली जास्त. तालुक्यापासून मुंबईपर्यंत तिनं चपला झिजवल्या आणि दरेवाडीच्या माळावर 'राखण' बसवून घेतली. राखण म्हणजे माळभर खांब, खांबांवर धूर हुंगणारी यंत्रं आणि टेकाडावरच्या ठाण्यात कायम उडायच्या तयारीत असलेली ड्रोनं. गावानं त्यांना घारी नाव ठेवलं. कुणी विडी शिलगावून काडी टाकली, तरी घार डोक्यावर येऊन पिचकारी मारायची. ठाण्याची राखणदार म्हणून सारिकालाच नेमलं, आणि तेव्हापासून माळावर एकही वणवा पेटला नाही. ओवी जिथं पडली त्या उतरणीवर गावानं करंज लावले, कडुनिंब लावले, गिरिपुष्प लावलं. घराघरातून कळशीनं पाणी गेलं. झाडं वाढली, सावली दाटली, आणि त्याला सगळे ओवीबन म्हणू लागले. ओवीचे वडील भानुदास दर रविवारी बनात जाऊन बसायचे.

इथवर सगळं ठीक होतं. बिनसलं ते माश्यांवरून.

दरेवाडी हे कांद्याच्या बियाण्याचं गाव. कांद्याच्या गोंड्यावर मधमाशी बसली तरच त्यात बी धरतं. आणि माळावरच्या सातेरी माश्या वर्षागणिक कमी होत होत एक दिवस दिसेनाशाच झाल्या. मग माणसं मखमलीचे हातमोजे घालून, या गोंड्यावरून त्या गोंड्यावर हात फिरवत उन्हातान्हात हिंडायला लागली. माशीचं काम माणसानं करायचं! जे बी धरायचं त्यातलं निम्मं पोचट निघायचं. कुणी फवारणीला दोष दिला, कुणी टॉवरला, कुणी कलियुगाला.

बियांचा अभ्यास करणारी डॉक्टर निखत मुजावर स्वतः आली ती वैशाखात. तिची माणसं त्याआधी वर्षभर माळाची माती तपासून गेली होती. सारिकानं तिला ठाण्याच्या दारातच ओळखलं. ही ओवीची मैत्रीण. त्या दिवशी कडेला पळालेल्यांतली.

"काकू, ओळखलं का?"

"न ओळखायला काय झालं? ये आत. पाणी पी आधी, मग बोल."

निखतच्या पाठीवरच्या पिशवीत कुकरच्या झाकणाएवढी एक चकती होती. ती जमिनीवर पालथी घालायची. मातीतलं बी मेलेलं नसतं, झोपलेलं असतं, आणि झोपेतही ते श्वास घेतं, हे विज्ञानाला कधीचंच ठाऊक होतं. पण तो श्वास इतका बारीक, आणि मातीतल्या किड्यामुंग्यांचा, बुरशीचा श्वास इतका मोठा, की जत्रेत तान्ह्या मुलाचा हुंकार ऐकण्यातला तो प्रकार. निखतच्या यंत्रानं ते साधलं होतं. कुठल्या जातीचं बी कसा श्वास घेतं, त्याची ओळख पटवून ते बाकीचा गलका बाजूला सारायचं. खाली बी आहे का आणि जिवंत आहे का, हे माती न उकरता कळायचं.

"जाळफुली आठवते का तुम्हाला?" निखतनं विचारलं. "गुडघाभर उंचीचं झुडूप. जांभळी फुलं."

"आठवते की. आमची आत्या म्हणायची, माळ जळला की दुसऱ्या साली जाळफुली हसते."

"माळावरचं बाकी सगळं चैत्र-वैशाखात सुकून जायचं, तेव्हा एकटी तीच फुलायची. माश्या तिच्यावर उन्हाळा काढायच्या. ती गेली म्हणून माश्या गेल्या, काकू."

"आणि ती कशानं गेली?"

निखतनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग तिनं सांगितलं. जाळफुलीच्या बियाचं कवच दगडासारखं असतं, पाऊस त्याला भेदू शकत नाही. वणवा वरून गेला की बोटभर खोलीची माती तापते, कवचाला चीर पडते. तेवढ्यानंही ते उठत नाही. जळत्या गवता-काडीच्या धुरात काही द्रव्यं असतात, ती राखेत उतरतात आणि पावसाबरोबर मातीत मुरतात. ती बियाला लागली, की बियाला कळतं, वरचं रान मोकळं झालंय, ऊन आहे, राखेचं खत आहे, आता उठायला हरकत नाही. झुडूप फुलतं, पाचसात वर्षं जगतं, बी टाकतं आणि मरतं. मग ते बी पुढच्या वणव्याची वाट बघत पडून राहतं. पण वाट बघायलाही हद्द असते. बारा-पंधरा वर्षांनी बियातला जीव संपतो.

"राखण बसल्यापासून वणवाच नाही," निखत हळूच म्हणाली. "आम्ही सगळा माळ तपासला. सगळीकडं मुकं आहे. फक्त एका जागी श्वास लागला, जिथं सगळ्यात शेवटी आग लागली होती तिथं."

सारिकाला जागा विचारावी लागली नाही.

"म्हणजे मीच मारलं म्हण की तिला," ती म्हणाली. "राखण बसवून आणि वर झाडं लावून."

"सगळ्यांनी मिळून, काकू. त्या बनातले खड्डे मी पण खणलेत."

"मग माती उचलून न्या की दुसरीकडं. तिकडं करा काय करायचं ते."

"कडेची थोडी नेली होती. रोपं आली आणि महिन्याभरात गेली. त्यांच्या मुळांना एक बुरशी लागते, ती माती हलवली की मरते. जे काही करायचं ते तिथंच करावं लागेल. झाडं तोडून, तिथंच आग लावून."

आपल्याच मुलीच्या जागेवर आग लावायची! सारिकाला निखतचा राग आला, अगदी मनापासून आला. पण राग धरावा असं त्या पोरीच्या तोंडावर काही नव्हतं.

घरी भानुदास अंगणात कांद्याचं बी पाखडत बसले होते. सुपाच्या टोकाला पोचट बियांचा ढीग साठला होता. सारिकानं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सूप खाली ठेवलं.

"एकदा जळली ना पोरगी? मग आता पुन्हा जाळायची व्हय?"

"अहो, बन जाळायचं म्हणतेय ती. पोरीला न्हाई."

"तुला ती दोन असतील. मला एकच हाय."

ग्रामसभेत विषय निघाला तेव्हा सगळे म्हणाले, मदने जोडपं म्हणेल तसं. यात गावानं मोठेपणा दाखवला की अंग काढून घेतलं, ते ज्यानं त्यानं ठरवावं. कांद्याचं बी तर सगळ्यांचंच पोचट निघत होतं.

सारिकानं मधला रस्ता काढला. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, तशातली गत. ती निखतला म्हणाली, "आग नको. वाफेनं माती तापव आणि नुसता धूर दे. पाण्यात विरघळवून दे. बन राहू दे."

"काकू, धूर त्या बियाला सांगणार की वर मोकळं झालंय. आणि ते उठून बघणार, तर सावली तशीच. फसवून उठवल्यासारखं होईल."

"होईल तेव्हा बघू. निम्म्या बनात कर. माझ्यासाठी कर."

निखतनं केलं. चूक आहे हे माहीत असून केलं, कारण ओवीच्या आईला नाही म्हणण्याचं धाडस तिच्यात नव्हतं. पावसाआधी बनाच्या खालच्या निम्म्या भागात वाफेच्या नळ्या फिरल्या आणि धुराचं पाणी शिंपडलं गेलं. आषाढात पाचोळ्यातून जांभळट कोंब वर आले. मोहरी पेरावी तसे दाट! भानुदास गुडघ्यांवर बसून एकेक कोंब बघत होते. कुणीतरी पेढे वाटले. सारिकाला वाटलं, चला, दोन्ही साधलं, पोरीची जागाही राहिली आणि जाळफुलीही.

श्रावण सरता सरता ती रोपं लांबुळकी, पांढुरकी झाली. उन्हाच्या शोधात माना उंच करून एकेक आडवी पडली आणि सावलीत कुजली. एकही उरलं नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! निम्म्या बनातलं सगळं बी एकदाच उठलं होतं आणि एकदाच संपलं होतं. त्या भागावर चकती ठेवली तर काहीच लागेना.

"आता वरचा निम्मा भाग," निखत म्हणाली. "तेवढाच."

ती सारिकाला एका शब्दानं बोलली नाही. तिनं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सारिकाला वाटलं.

आता भानुदासांचं ऐका. निखतचं यंत्र आकडे दाखवायचं, तसाच आवाजही द्यायचं. श्वासाची मोजणी टिकटिक करून कानात ऐकू यायची. एकदा निखत नोंदी घेत असताना भानुदासांनी हात पुढं केला. "मला ऐकव." तिनं कानाला लावून दिलं. ते डोळे मिटून कितीतरी वेळ ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. मग रोज जायला लागले. निखतनं एक चकती त्यांच्यासाठी तिथंच ठेवली.

"हाय गं," घरी आल्यावर ते सांगायचे. "चालू हाय अजून."

सारिकाची भाकरी तव्यावर करपायची. हा माणूस बियाला ऐकत नाहीये, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. गावात कुजबुज सुरू झाली की मदन्याच्या डोक्यावर परिणाम झाला. शेतातली लागण राहिली, दाढी वाढली. पण कैक वर्षांनी त्यांच्या तोंडावर थोडी हुशारी दिसत होती, आणि ती हिसकावून घ्यायची तर कुठल्या तोंडानं? ती गप्प बसली. भित्री होती म्हणून गप्प बसली, दुसरं काय.

मार्गशीर्षात एका दुपारी भानुदास ठाण्यावर आले. राखणीच्या खोलीत त्यांनी आजवर पाऊल टाकलं नव्हतं. दारातच उभे राहिले.

"हळू झालंय," ते म्हणाले. "मधीच थांबतंय. मग पुन्हा लागतंय."

निखतनं आकडे बघितलेच होते. औंदाचा हंगाम गेला तर पुढच्या सालापर्यंत काही टिकणार नाही, हे तिनं सारिकाला आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं. सारिकानं ते नवऱ्याला सांगितलं नव्हतं. आता सांगावं लागणार होतं, आणि दुसरंही एक. ती उठून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"अहो, ती ओवी न्हाई हो."

भानुदासांनी तिच्याकडं असं बघितलं, की तिला स्वतःचीच लाज वाटली.

"मला काय कळत न्हाई व्हय? येडा न्हाई मी. त्या दिशी तिनं हाका मारल्या असतील. आपल्याला एकसुद्धा ऐकू आली न्हाई. मी खाली शेतात पाण्याचं बारं देत हुतो. हे ऐकू येतंय, तर ऐकतोय." मग जरा थांबून म्हणाले, "हे तरी आपल्या देखत जाऊ ने. काय म्हणती निखत? आगीबिगर न्हाईच वाचत?"

"न्हाई वाचत."

ते पायरीवर बसले. सारिका त्यांच्या शेजारी बसली. ओवी गेल्यावर दोघं अशी जवळ बसलीच नव्हती. तिनं सगळ्या जगाशी भांडण काढलं आणि त्यांनी बन धरलं, आणि मधल्या मध्ये घर तेवढं ओस पडलं. ती त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडली, त्या वेळचं राहून गेलेलं सगळं रडली. भानुदास रडले नाहीत.

"कुऱ्हाड मी घालणार," ते म्हणाले. "दुसऱ्याची लागू द्यायची न्हाई."

पौष-माघात त्यांनी सगळी झाडं स्वतः तोडली. खोडं गावानं वाहून नेली. फांद्या आणि पाला उतरणीवर पसरून वाळू दिला. निखतनं रोज पाल्याचा ओलावा मोजला, वारा मोजला. भोवतीनं रुंद जाळरेषा काढली. ओवी गेली त्या दिवशीही ती अशीच रेष काढत होती, हे सगळ्यांना आठवत होतं आणि कुणी तसं दाखवलं नाही.

आग फाल्गुनात सकाळी लावायची ठरली. वरून खाली लावायची, म्हणजे ती चढाच्या उलट, पावलापावलानं खाली येईल. आग अशी रेंगाळली की माती पुरेशी तापते आणि माणसालाही आवर घालता येतो. गावातली चाळीसेक माणसं ओली पोती आणि आग झोडपायला निरगुडीचे फोक घेऊन कडेनं उभी राहिली. भानुदास खालच्या अंगाला, मधोमध.

सारिकाच्या हातात घारींना हुकूम देणारी ठाण्याची पाटी होती. पाटीवर दोन बटणं होती, एक घारी बसवायचं आणि एक उठवायचं. तिनं पहिलं दाबलं. खांबांवरचे हिरवे दिवे विझले. राखण बसल्यापासून ते कधी विझले नव्हते, आणि माळावर एकाएकी आपण उघड्यावर उभ्या आहोत असं तिला वाटलं.

निखतनं पलिता पेटवला, दोन पावलं पुढं गेली आणि थांबली.

"काकू, मला नाही जमत."

"आण इकडं," सारिका म्हणाली.

तिनं पलिता टेकवला. वाळला पाला तडतडला, आणि जाळ एका ओळीत पसरला. मग तो वास आला. चौदा वर्षं तिनं याच वासाच्या मागावर यंत्रं लावली होती, आणि आज तो तिच्याच हातानं उठला होता. धूर लोळत खाली निघाला. ओळीच्या मधोमध, जिथं सगळ्यात मोठा करंज होता, तिथं एका वाळल्या फांदीनं पेट घेतला आणि जाळ डोक्याएवढा उंच उसळला. ओवी सापडली होती ती तिथंच.

सारिकाचा अंगठा दुसऱ्या बटणावर गेला. नुसतं दाबायचा अवकाश होता. घारी क्षणात उठल्या असत्या, सगळं विझलं असतं, आणि कुणी तिला नाव ठेवलं नसतं. आईच ती, म्हणाले असते. तिला दाबायचंच होतं. तिचं सगळं अंग ओरडून सांगत होतं की दाब, या वेळी तरी वेळेवर दाब.

धुराच्या पलीकडून आवाज आला.

"सारिका! येऊ दे!"

भानुदास पोतं खांद्यावर टाकून आगीकडं तोंड करून उभे होते. त्यांच्या तोंडावर जाळाचा उजेड होता आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. ते पुन्हा ओरडले, "येऊ दे तिला!"

तिनं अंगठा काढला. पाटी निखतच्या हातात दिली आणि पोतं उचलून ती खाली नवऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आग त्यांच्यापर्यंत यायला बराच वेळ लागला. जाळरेषेपाशी आली, खायला काही मिळेना, तशी बसत गेली. दुपारपर्यंत नुसती राख राहिली, काळी आणि गरम. भानुदासांनी त्या दिवशी यंत्र कानाला लावलं नाही, आणि पुढंही कधी लावलं नाही.

उन्हाळा जीव खात गेला. उघडी काळी उतरण बघवत नव्हती. वळीव आला नाही. जूनही कोरडा गेला, आणि सारिकाला रोज वाटायचं, बन पण गेलं आणि बी पण गेलं, आपण दोन्ही घालवलं. निखत पुण्याहून दिवसातून दोनदा फोन करायची आणि हवापाण्याचं बोलून ठेवून द्यायची. कुणी कुणाला धीर दिला नाही, कारण जवळ तो होता कुणाकडं?

पाऊस झाल्यावर दहाबारा दिवसांनी दोघं नवराबायको वर गेली. आधी बघायला भीती वाटत होती म्हणून इतके दिवस गेली नव्हती. खालचा निम्मा भाग तसाच काळा, रिकामा होता. सारिकानं फसवून उठवलेला तो भाग. आणि वरच्या निम्म्या उतरणीवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, राखेतून रोपं उठली होती. बुटकी, जाड देठांची, उन्हाकडं तोंड करून घट्ट उभी. कुठं बोट टेकवायलाही जागा नव्हती.

भानुदासांनी चपला काढून कडेला ठेवल्या. आत जायला पाय उचलला, आणि तो तसाच अधांतरी राहिला. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. ओवीची जागा समोर वीस-पंचवीस पावलांवर होती, आणि तिथवर एकसुद्धा पाऊल टाकण्यासारखं नव्हतं.

"कुठं ठेवू गं पाय?" त्यांनी विचारलं.

"नका ठेवू," सारिका म्हणाली.

त्यांनी पाय मागं घेतला. मग दोघं तिथंच कडेला, ओल्या मातीवर बसली.